गोधडीचा कोट

श्रीपत ओव्हाळ मला पहिल्यांदा दिसले ते एप्रिलच्या भर दुपारी, खालापूरच्या फाट्यावर. मोटरसायकलवर बसलेले, आणि अंगात गोधडी.

अंगावर नव्हे, अंगात. त्या गोधडीला बाह्या होत्या, कॉलर होती, पुढे आवळ्याएवढी लाकडी बटणं होती. खाली त्याच जातीची विजार. गुडघ्यांवर टायरच्या ट्यूबचे काळे गोल शिवलेले. डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं.

सोनाबाईच्या चहाच्या टपरीसमोर ते उतरले. पिंपातून तांब्याभर पाणी घेतलं, कॉलर पुढे ओढली आणि सगळं पाणी कोटाच्या आत ओतलं. दुसरा तांब्या प्यायले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय बगतोस? माठाला कोण हसतं का?"

मी हसलो नव्हतो. 

मी नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. खोपोलीच्या एका शाळेत नोकरी लागली होती. एस.टी. चुकली होती. त्यांनी मला मागे बसवलं आणि बजावलं, "तुला कोट नाय, म्हणून हळू जाणार. बोंब मारायची नाय." ते इतके हळू गेले की वाटेत एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. त्याने जाता जाता वळून पाहिलं, आणि "गोधडी दमली का?" असं विचारलं.  श्रीपतभाऊंनी नुसता हॉर्न वाजवला.

कोट नसलेला माणूस मागे असेल तर गाडी पळवायची नाही, हा त्यांचा नियम होता. मंत्री बसला तरी तो मोडला नसता. पुढे मी त्यांच्या मागे पुष्कळ वेळा बसलो. कधीच वेळेवर पोचलो नाही.

त्या दिवसापासून मी 'बीए' झालो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

श्रीपतभाऊ खोपोलीच्या एका कागद कारखान्यात होते. काम पळापळीचं. मशीन थांबलं, एखादं बेअरिंग गेलं, की ते गाडी काढायचे. मुंबई नाहीतर पुणं. तिथून तो जिन्नस पाठीला बांधून आणायचे. कारखान्याने त्यासाठी एक बुलेट दिली होती. साठ-एकसष्टपासून ते बोरघाट चढत-उतरत होते.

ते नम्र वगैरे अजिबात नव्हते. स्वतःबद्दल बोलायला त्यांना फार आवडायचं. पैलवान जसे आपल्या कुस्त्या सांगतात, तसे ते आपलं पडणं सांगायचे. चौकला मधमाशी बाहीत शिरली तेव्हा कसे पडले. पळसदरीला म्हैस आडवी आली तेव्हा कसे पडले, आणि म्हैस कशी उभी राहून बघत होती. प्रत्येक पडण्यानंतर कोटात काय बदल झाला, हे शेवटी यायचंच. मधमाशीनंतर मनगटाला बटण आलं. म्हशीनंतर कमरेला जाड पट्टी आली. त्यांचा कोट म्हणजे त्यांचं आत्मचरित्रच, असं मी एकदा म्हणालो. "असंल," ते म्हणाले. "पर तुझ्या पुस्तकासारखं नुसतं वाचायचं नाय. घालावं लागतं."

मला तेव्हा वाटायचं, हा माणूस सरळ एक चामड्याचं जाकीट का घेत नाही. सिनेमात असतं तसं. एवढा घाट तुडवणारा माणूस. कारखान्याने सुद्धा दिलं असतं.

ते का घेत नाहीत, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

खालापूरच्या अलीकडे त्यांची वस्ती. ओटीवर एक लांब खुंटी होती. मी आत जायला निघालो तर श्रीपतभाऊंनी दंड धरला. "पट्टा काढ," म्हणाले. मी पट्टा काढला. "घड्याळ." घड्याळाचा पट्टाही चामड्याचा होता. "पाकीट." ते पण. सगळं खुंटीला लागलं. चपला कुंपणाशी ठेवायच्या होत्या. मी एका हाताने पँट धरून आत शिरलो. आत एक काटकुळा, ताठ म्हातारा बसला होता. त्याने माझ्या त्या हाताकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "सुतळी देऊ का बाळा?"

हे त्यांचे वडील. हिरू ओव्हाळ. वस्ती त्यांना आबा म्हणायची.

छप्पन सालानंतर वस्तीने मेलेली ढोरं ओढायचं काम टाकलं. आबांनी ते त्याच्याही आधी टाकलं होतं. गावाने त्यापायी त्यांचा रस्ता अडवला, काम तोडलं, तरी टाकलं. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी घरातलं कातडं तोडायचं हत्यार पाताळगंगेत फेकलं आणि शब्द दिला. या उंबऱ्याच्या आत कातडं येणार नाही. ना ओलं, ना कमावलेलं. स्वतः टायरच्या चपला घालायचे, त्यांचे बंदसुद्धा रबराचे.

फाट्यावर लोक यावर बोलायचे. एकदा एकजण चहा पिता पिता म्हणाला, "बघा, इतकी वर्षं गावानं यांना बाहेर ठेवलं. आता हिरू ओव्हाळ गावाचे पट्टे बाहेर ठेवतोय." हे आबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "पट्टे ठेवतोय. माणूस आत घेतो."

चांभाराबद्दल मात्र त्यांच्या मनात काही नव्हतं. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "त्याच्या हातात येतं तवा ती वस्तू असती. आमच्या हातात यायचं तवा ते..."  सुपारी कातरत बसले.

तर सहासष्टच्या सुमाराला श्रीपतभाऊ घाटात पहिल्यांदा जोरात पडले. अंगात नुसता सदरा. उजवा खांदा, कोपर, कंबर, सगळं सोलून निघालं. त्यांच्या बायकोने, मालनवहिनींनी, पितळी वाटीत मिठाचं पाणी घेऊन संध्याकाळभर त्यांच्या पाठीतली खडी काढली. कारखान्यातले इंजिनिअर साहेब कळवळले. त्यांनी आपलं विलायतेहून आणलेलं जुनं चामड्याचं जाकीट काढून दिलं. म्हणाले, हे घालशील तर गाडी चालव. नाहीतर दुसऱ्याला देतो.

गाडी हाच श्रीपतभाऊंचा जीव. ते जाकीट घेऊन घरी आले. आबा दारात उभे राहिले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ते बाहेर."

मग श्रीपतभाऊंनी, एखाद्या पोराने विडी लपवावी तसं, ते जाकीट सोनाबाईच्या टपरीत ठेवलं. चुलीमागच्या खिळ्याला. सकाळी फाट्यावर यायचं, जाकीट चढवायचं. संध्याकाळी काढून ठेवायचं आणि सभ्य सदऱ्यात घरी जायचं. सोनाबाई तोंडाची फटकळ. गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणायची, "श्रीपत, तुझी दुसरी वाट बगतीया रं. मागं हाय, चुलीजवळ." ते पण हसत आत जायचे.

आता हे बोलणं फाट्यावरून वस्तीत जाईपर्यंत त्यातलं हसू गळून पडलं. मालनवहिनींना कोणीतरी येऊन सांगितलं, तुझ्या नवऱ्याची दुसरी हाय. सोनाबाईच्या टपरीत असती. रोज सकाळ-संध्याकाळ भेट हाय.

त्या दिवशी पाऊस होता. मालनवहिनी डोक्यावर इरलं घेऊन थेट फाट्यावर गेल्या. टपरीत माणसं बसली होती. त्या सोनाबाईला म्हणाल्या, "दाखव."

"काय दाखवू?"

"दुसरी."

सोनाबाईला आधी कळेना. कळलं तेव्हा तिने मागे जाऊन जाकीट काढून आणलं आणि बाकड्यावर ठेवलं. ओलं होतं. बुरशीचे पांढरे ठिपके पडले होते. मालनवहिनींनी ते उलटून पाहिलं, पालटून पाहिलं, खिसे तपासले. मग म्हणाल्या, "माझ्यापरीस काळी हाय."

टपरी हसून लोळली. हे सगळं मला सोनाबाईनेच सांगितलं. सांगताना ती पदराने डोळे पुसत होती.

वहिनी घरी आल्या. सासऱ्याला काही सांगायचं नाही, असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. हात पाय धुतले. भाकरी केली. ताट पुढे ठेवलं. आबांनी पहिला घास घेतला आणि हात तसाच राहिला.

"कुठं हात लावलास पोरी?"

"कुठं नाय, मामा."

"ओलं कातडं हाय ते," आबा म्हणाले. "त्या वासाचं मला शिकवू नको गं."

ताट घेऊन ते बाहेर ओटीवर गेले. त्या दिवसापासून जेवण ओटीवर. भांडण नाही, अबोला नाही. कातडं आत नाही आलं, पण त्याला लागलेला हात आत आला, म्हणून मी बाहेर, एवढंच.

श्रीपतभाऊ चिडले. मला सांगताना सुद्धा त्यांचा आवाज चढला होता. त्यांनी बापाला विचारलं, तुला मी पायजे का तुझा शब्द पायजे, एक काय ते बोल. घाटात पडलो तर तुझा शब्द माझी पाठ वाचवणार हाय का? आबा ओटीवर बसले होते. त्यांनी बराच वेळ विचार केला. खरोखर केला, श्रीपतभाऊ म्हणाले, दाखवायला नाही.

मग म्हणाले, "दोनी पायजेत."

"दोनी कशी मिळतील?"

"ते मला म्हाईत नाय. पर दोनी पायजेत."

आत मालनवहिनी चुलीपुढे होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "मग मी शिवते."

वहिनींच्या गोधड्या वस्तीत नावाजलेल्या होत्या. टाका बारीक, थर घट्ट. पण माणसाला डांबरावर घासत नेलं तर टिकेल अशी गोधडी कोणी शिवली नव्हती. श्रीपतभाऊंनी जाकीट साहेबांना परत दिलं आणि बदल्यात कारखान्याची टाकाऊ कापडं मागितली. कागदाच्या मशीनवर ओला लगदा वाहून न्यायला लोकरीचं जाडजूड कापड पट्ट्यासारखं फिरत असतं. त्याला फेल्ट म्हणतात. झिजलं की काढून टाकतात. कामगार ते घोंगडी म्हणून घरी नेत. कागद वाळवण्याच्या भागात तसंच सुताचं कॅनव्हास असतं, दाताने तोडता येणार नाही असं. साहेब म्हणाले, ठीक आहे, एक पावसाळा बघतो.

पहिला कोट नुसत्या फेल्टचा झाला. पावसात भिजला की पाठीवर रेडकू घेतल्यासारखा. श्रीपतभाऊ चौकपर्यंत गेले आणि गाडी एका कुशीवर कलायला लागली म्हणून परत आले. दुसरा बाहेरून कॅनव्हासचा केला. तो इतका ताठ झाला की कोपऱ्यात एकटा उभा राहायचा. घातल्यावर हात वाकेना. वहिनींनी तो सगळा उसवला. मग नवऱ्याला अंगणात गाडीवर बसवलं, हात हँडलवर ठेवायला लावले आणि बसल्या अंगावर मापं घेतली. तेव्हापासून कोट बसल्या माणसाच्या मापाचा. गाडीवर तो अंगाला चपखल बसतो. उतरल्यावर श्रीपतभाऊ पुढे वाकून कोणाला तरी रागवायला निघाल्यासारखे दिसतात.

पुढची शिकवण रस्त्याने दिली. खांद्यावरची शिवण पहिल्याच पडण्यात उसवली. वहिनींनी शिवणी काखेखाली नेल्या, जिथे घासत नाही तिथे. सुताचा दोरा तुटला म्हणून पाताळगंगेवर जाळी टाकणाऱ्यांकडून नायलॉनचा दोरा आला. हातमोजे कॅनव्हासचे केले तर ब्रेकवरून बोटं सटकायला लागली. त्यांच्या तळव्याला सायकलची ट्यूब लागली. मान घासून लाल व्हायची, म्हणून कॉलरला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर. उन्हाळ्यात आतलं फेल्ट ओलं करून निघायचं, हा शोध मात्र श्रीपतभाऊंचा. तो ते सगळ्यांना सांगायचे.

पडून घरी आले की वहिनींचा पहिला शब्द ठरलेला. "आधी कोट."

"माणूस हाय हितं मी," श्रीपतभाऊ म्हणायचे.

"माणूस बोलतोय, म्हंजे बरा हाय. कोट बोलत नाय." आणि कोट घेऊन त्या उजेडात जायच्या. कुठे घासलं, किती आत गेलं, दोरा तुटला की कापड फाटलं. जखमेला हळद नंतर.

स्वतःसाठीही त्यांनी एक कोट शिवायला घेतला होता. तो संपता संपेना, कारण नवऱ्याचा सारखा फाटायचा. झाला तेव्हा नऊवारीवर तो कोट घालून त्या नवऱ्यामागे बसल्या आणि कर्जतला भाचीच्या लग्नाला गेल्या. मांडवातल्या बायका हसल्या. वहिनींनी कोट काढून घडी केला आणि त्याच्यावरच बसल्या. मऊ होता.

आणि आबा? कोटाचं कॅनव्हास पाणी पीत होतं. त्यावर उपाय आबांनी काढला. ते वस्तीतला बुद्धविहार सांभाळायचे. वंदनेला लावलेल्या मेणबत्त्यांचं उरलेलं मेण ते खरवडून ठेवू लागले. पावसाळ्याच्या आधी ते मेण धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे, कोट ओटीवर पसरायचे, बोटांनी मेण चोळायचे आणि निखारे भरलेला पितळी तांब्या वरून फिरवायचे. मेण आत जिरायचं. हे काम ते कोणाला करू द्यायचे नाहीत. जेवणही तोवर पुन्हा आत सुरू झालं होतं. केव्हा सुरू झालं, कोणाच्या लक्षात नाही.

मी त्या ओटीवर कित्येक रविवार घालवले. मी पुस्तकांवर वाढलेला. शब्द पाळणारी माणसं मी पुस्तकात खूप वाचली होती. ती शब्दासाठी मरतात, नाहीतर शब्द मोडून जगतात. इथे एका घराने तिसरीच वाट काढली होती, आणि ती वाट दरवर्षी थोडी थोडी दुरुस्त करत होतं. मी बघत राहायचो. 

आज मी खोपोलीत नाही. श्रीपतभाऊ अजून आहेत, अजून गाडीवर आहेत. आता निवृत्ती जवळ आली आहे. दाढी पांढरी झाली. कोट पुन्हा पुन्हा बदलला आहे. पण सत्त्याहत्तर सालचं जे मी पाहिलं, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

हिवाळा होता. रस्ता कोरडा होता. श्रीपतभाऊ पुण्याहून बेअरिंग घेऊन घाट उतरत होते. पुढच्या ट्रकमधून डिझेल सांडलं होतं. वळणावर गाडी पायाखालून गेली. गाडी एकीकडे, ते दुसरीकडे, पाठीवर आणि खांद्यावर घासत खाली. कठड्याशी थांबले.

मला शाळेच्या शिपायाने सांगितलं. मी दवाखान्यात धावलो. बाहेर, पायरीजवळ जमिनीवर आबा बसले होते. मला वाटलं, त्यांना कोणी आत बोलावलं नाही म्हणून ते बाहेर बसलेत. मी म्हणालो, आबा, चला आत. ते हलले नाहीत.

"माझ्या शब्दानं मारला," ते म्हणाले. "लोकं लेकरापायी देव सोडत्यात. मला एक शब्द सोडवंना."

 

मालनवहिनी आल्या. त्या थेट परिचारिकेकडे गेल्या आणि विचारलं, "कोट कुठाय?" ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. कोट कापून काढला नव्हता. कात्री चाललीच नव्हती, म्हणून बटणं सोडून काढला होता. वहिनींनी तो काखेत घेतला आणि मगच नवऱ्याकडे गेल्या.

श्रीपतभाऊ शुद्धीवर होते. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बरगडीला चीर होती. मला बघून म्हणाले, "बीए, किती लांब घसरलो ठाऊक हाय का? ट्रकवाला म्हणला, त्यानं एवढ्या वर्षांत आसं घसरताना कोण बगितलं नाय." चेहरा वेदनेने पांढरा होता आणि त्यावर अभिमान होता.

त्यांना घरी सोडलं त्या दिवशी मी टेंपोत त्यांच्याबरोबर होतो. हात गळ्यात बांधलेला. त्यांना आतल्या बाजेवर निजवलं. आबा घरात नव्हते. सकाळीच कुठेतरी गेले होते, कोणाला न सांगता.

दुपारी वस्तीत एकदम शांतता झाली. मी दाराशी आलो. आबा पायवाटेने येत होते. त्यांच्या काखेत चामड्याची गुंडाळी होती. तांबूस, कमावलेली, चांगली जाड. कर्जतच्या बाजारातून आणली होती. दारादारात माणसं उभी होती. म्हातारा त्यांच्यामधून ताठ चालत आला. कोणाकडे पाहिलं नाही. ओटी चढला. खुंटीपाशी थांबला नाही.

ते उंबरा ओलांडून आत आले.

ती गुंडाळी त्यांनी मालनवहिनींच्या पुढे ठेवली. "खांद्याला लाव. आन् पाठीला."

"मामा, हे तुमी आणलं?"

"मी. शब्द मी घातला व्हता, मीच काढला. पोरगा जिता राहू दे."

बाजेवरून श्रीपतभाऊ उठायला गेले. "आबा, ऐक..."

"तुमी गप पडा," वहिनी म्हणाल्या. नवऱ्याकडे बघितलं सुद्धा नाही. त्या उठल्या, भिंतीजवळचा कोट आणला आणि सासऱ्यासमोर जमिनीवर पालथा पसरला. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत कॅनव्हास उडालं होतं. कडा जळून काळ्या झाल्या होत्या.

"हात द्या, मामा."

आबांनी हात पुढे केला नाही. मग वहिनींनी त्यांचं मनगट धरलं. आमच्याकडे सून सासऱ्याचा हात धरत नाही. समोरच्या दारातून बघणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. वहिनींनी त्यांची बोटं त्या फाटलेल्या भोकात घातली.

"हे वरचं. गेलं. हे त्याच्या खालचं. हे बी गेलं. हे फेल्ट. हितं करपलंय, लागतंय का? आता फुडं जा बगू."

आबा बोटाने दाबत राहिले. नखाने खरवडलं. त्या बोटांना किती जाडीचं काय असतं ते कळत होतं. 

"फुडं जात नाय," आबा म्हणाले.

"नाय ना?"

"त्याच्या आत काय हाय?"

"आत तुमच्या पोराचं कातडं," वहिनी म्हणाल्या. "त्याला वरखडा नाय. या कोटात तेवढंच एक कातडं हाय मामा, आन् ते शाबूत हाय."

आबांनी बाजेकडे पाहिलं.

"हाड मोडलं, ते मोडलं," वहिनी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज कापायला लागला होता, आणि तो रागाने कापत होता. "हाड त्या सायबाच्या जाकिटात बी मोडलं असतं. डाक्टरला इचारा पायजे तर. मी शिवलेलं हरलं नाय. तुमी का हरता?"

श्रीपतभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.  

आबांनी बोटं लगेच काढली नाहीत. बराच वेळ ती त्या भोकात होती. मग त्यांनी हात काढून घेतला, चामड्याची गुंडाळी उचलली आणि बाहेर गेले. शेजारच्या घरी ती ठेवायला दिली, उद्या कर्जतला परत न्यायची म्हणून. हंड्यातलं पाणी घेऊन हात धुतले. कोपरापर्यंत धुतले, माती लावून पुन्हा धुतले. समोरची माणसं हळूहळू आपापल्या दारांतून आत गेली.

आबा परत आले तेव्हा वहिनींनी कोट मांडीवर घेतला होता. खांद्याचं फाटकं कॅनव्हास कापून काढत होत्या. नवा तुकडा शेजारी पडला होता. दाभण त्या कापडातून सहज जात नाही. एकाने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने दाभण रेटायचं, असं ते काम. धरायचं काम नेहमी श्रीपतभाऊ करायचे. त्यांचा हात गळ्यात होता.

आबा कोटाच्या दुसऱ्या बाजूला बसले. मांडी घालून, नीट.

"कुठं धरू?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी दाखवलं.